बुधवारचा हिरवा ठिपका

१

गुरुवारी सकाळी संघप्रिया खोब्रागडेनं ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर उघडला आणि तिच्या तोंडून "अरे बाप्पा!" एवढंच निघालं. गावोगावच्या म्हाताऱ्यांचे आवाज गायब होते.

चंद्रपूरच्या त्या छोट्या कंपनीचं कामच आवाजांचं होतं. एटापल्लीकडच्या आतल्या गावांत माडिया बोलणारी माणसं गाठायची, "पोटात कळ येते", "पोराचा ताप उतरत नाही" अशी वाक्यं त्यांच्याकडून बोलून घ्यायची, आणि त्यांवरून एक फोनसेवा उभी करायची. आजारी माणसाला आपल्याच बोलीत सल्ला मिळावा, एवढाच त्यातला हेतू. सोमवारी सगळं नागपूरला सोपवायचं होतं, आणि आता फोल्डर रिकामं. कुणीतरी ते बुधवारी दुपारी पुसून टाकलं होतं, आणि तेही गावोगाव फिरून ते आवाज जमवणाऱ्या स्वाती पुंगाटीच्या नावानं आत शिरून.

पडद्यावर नागपूरच्या मॅनेजर उर्वशी मॅडम आल्या.

"संघप्रियाबाई, बुधवारी दिवसभर स्वातीचा ठिपका हिरवा होता. एकदाही पिवळा झाला नाही. म्हणजे ती मशीनवर बसलेली होती. आणखी काय पुरावा हवा?"

हा ठिपका म्हणजे या ऑफिसचा देवच म्हणा ना. दोन वर्षांपासून इथे अर्धं काम घरून आणि अर्धं ऑफिसातून चाले. दोन दिवस चंद्रपूरला यायचं, बाकीचे दिवस आपापल्या गावी. स्वातीचं गाव फार लांब, म्हणून तिला महिन्यातून एकदा आलं तरी चाले. पण घरी बसलेला माणूस खरंच काम करतो की खाटेवर लोळतो, हे नागपूरला कळावं कसं? म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका. हात चालू असला की हिरवा, थांबला की पिवळा. संघप्रिया स्वतः मूल गावातल्या आपल्या घरी एका हातानं वांगी चिरायची आणि दुसऱ्या हातानं माउस हलवायची, ते सोडा.

"शनिवारपर्यंत शोधा," उर्वशी मॅडम म्हणाल्या. "नाहीतर स्वाती जाईल, आणि घरून काम करणं सगळ्यांसाठी बंद. रोज चंद्रपूर, नाहीतर राजीनामा. वरून तसंच आलंय."

स्वातीची आई गावी एकटी. तिला सोडून स्वातीनं चंद्रपूरला राहायला येणं शक्यच नव्हतं. आणि असला ठपका घेऊन गेलेल्या पोरीला दुसरीकडे तरी कोण उभं करणार होतं?

"मीच का पन, मॅडम?"

"तुमच्याशी सगळे बोलतात म्हणून."

ते खरं होतं. तरुणपणी संघप्रियानं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली. लोक काय बोलतात त्यापेक्षा कुठे अडखळतात हे ऐकायची तिला तेव्हापासून सवय. फक्त एका जागी बसणं तिला कधी जमलं नाही. पायाला भिंगरी लावल्यासारखी ती खोलीत येरझाऱ्या घालू लागली.

२

त्या दिवशी ऑफिसात तिघंच होते. ती, टीम लीडर निकेश आणि धानोऱ्याचा रोशन. रोशन पहिल्यापासून खुर्चीत चुळबुळ करत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते त्याच्या तोंडावर पडलेलं दिसत होतं.

"रोशन, काल दुपारी मी तुह्या घरी फोन केल्ता," संघप्रिया चालता चालता म्हणाली. "तुही बायको म्हणाली तू जंगलात गेला. अन् इकडं तुहा ठिपका हिरवागार. कसा काय रे?"

रोशन लालबुंद झाला. "बाई, मॅडमले सांगान काय?"

"आधी मले सांग."

"तेंदूपानाचे दिवस आहेत नं. अख्खं गाव जंगलात असते. मंग मी काय करतो... माउस पोरीच्या पाळन्याले बांधून देतो. माय पाळना हालवून राह्यली की माउस बी हालून राह्यला."

संघप्रियाला हसू फुटलं. कंपनीनं लाखाचं सॉफ्टवेअर घेतलं आणि धानोऱ्याच्या एका तान्ह्या पोरीनं ते झोके घेत घेत हरवलं!

"हसू नका नं बाई. रात्री बसून मी काम पुरं करतो, एक बी वाक्य बाकी ठेवत नाई. पन आवाज मी कायले पुसू? काल दिवसभर मी गावच्या लोकाईसंग होतो, कोनालेबी विचारा." तो जरा थांबला. मग खाली बघत म्हणाला, "अन् मी एकटाच आहे काय? स्वातीचा ठिपका कधी पिवळा झालेला पाह्यला तुमी?"

ती थबकली. खरंच, कधीच नाही.

दुपारी स्वातीचा फोन आला. मागे वारा सूं सूं करत होता. तिच्या गावी फोन लागत नाही, गावाबाहेरच्या टेकडीवर चढावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"स्वाती, काल तू कुठी होती?"

पलीकडे क्षणभर नुसता वारा. हाच तो अडखळणारा क्षण. "कामावरच होतो बाई. दिवसभर."

"नक्की?"

"ठिपका हिरवा असन नं? मंग?"

"स्वाती, काल दुपारी तुह्या नावानं कोनीतरी सारे आवाज पुसून टाकले."

फोन तुटला. टेकडीवरच्या वाऱ्यानं तुटला की स्वातीनं तोडला, ते कळायला मार्ग नव्हता.

३

"तिनंच केलं असन," निकेश म्हणाला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्या उन्हात निकेश तासभर कुठेसा जाऊन आला होता, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. कुलरसमोर उभा राहून तो बोलत होता. मूळचा जिवतीच्या डोंगरातला पोरगा, चंद्रपुरात तुकूमला एक खोली घेऊन एकटा राहायचा. टीम लीडर म्हणून त्याला मात्र घरून कामाची मुभा नव्हती. कुणीतरी ऑफिस उघडायला नको का?

"काऊन करंन ती? तिलेच तर इनाम भेटलं," संघप्रिया म्हणाली. नागपूरच्या मोठ्या सभेत स्वातीचा फोटो दाखवून सांगितलं होतं, की जंगलातल्या गावातून काम करूनही माणूस पहिला येऊ शकतो.

"इनाम!" निकेश हसला. ते हसणं काही खरं नव्हतं. "मागच्या आठवड्यापासून तिनं काहीच पाठवलं नाई जी. नवे आवाज नाई, पेनड्राइव्ह नाई. काम होत नसन, म्हनून सारंच पुसून मोकळी झाली."

"पेनड्राइव्ह? तो कसा पाठवते?"

"एस.टी.च्या कंडक्टरजवळ देते. टेकडीवरच्या नेटवर्कनं एवढी मोठी फाइल जाते काय? मी बसस्टँडवरून आनतो, इथून चढवतो." हे सांगून टाकल्यावर तो चपापला, आणि मग उगाच टेबलावरच्या वस्तू नीट लावू लागला.

दारात देवाजी, ऑफिसची झाडलोट करणारे म्हातारे, झाडू घेऊन उभे होते. "निकेशभाऊ, बाजूले व्हा जी. आज तरी झाडू द्या. बाई, याईले दिवसभर बोलाले कोनी भेटत नाई, तं मलेच धरून ठेवते. एवढ्या खुर्च्या अन् मानूस एक."

निकेश ओशाळला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. त्यानं खण उघडला, तीन-चार कैऱ्या काढल्या, चाकू काढला, मीठ काढलं. "बाई, खा नं! एकटा कितीक खाऊ? आज तुमी आहात तं मजा आहे." त्याच्या डोळ्यांत लहान पोराचा आनंद होता.

"माहे दात आंबतेत बाप्पा. कुठून आनल्या?"

"गोल बाजारातून. घ्या, एक तरी घ्या."

बळेबळे त्यानं एक कैरी तिच्या पर्समध्ये कोंबली. लहानशी, गावठी, टोकाला पोपटाच्या चोचीसारखी वळलेली.

संघप्रियाला त्या रात्री चैन पडेना. सगळे खोटं बोलत होते, आणि गंमत म्हणजे सगळे एकाच गोष्टीबद्दल, त्या ठिपक्याबद्दल, खोटं बोलत होते. पहाटेच तिनं ठरवलं, एटापल्लीची बस पकडायची. फोनवर आवाज ऐकून भागणार नव्हतं.

४

आष्टी, आलापल्ली करत बस एटापल्लीला पोचली तेव्हा तिची कंबर पार मोडली होती. तिथून पुढे काळीपिवळी जीप, आणि जीपनंतर पायवाट. स्वातीच्या घराचं अंगण सारवलेलं, मोहाची फुलं एका कडेला वाळत घातलेली. स्वाती दारात उभी. डोळे सुजलेले.

"जोहार, बाई," ती म्हणाली आणि तिचा बांधच फुटला. "म्या नाई पुसलं जी. त्या आज्याईच्या घरोघरी मी गेलो. कोनी बोलत नोयते, दोन-दोन दिवस त्यांच्यासंग बसलो तवा बोलले. मी कायले पुसीन?"

"मले ठाऊक आहे. पन तू बुधवारी कामावर होती म्हनाली नं? तिथंच सारं बिघडते."

स्वाती पायाच्या बोटानं जमीन उकरू लागली.

तेवढ्यात तिची आई सोमारी पाणी घेऊन आली. तिचं मराठी मोडकं-तोडकं, पण हसणं भरभरून. संघप्रियानं पाणी पिण्याआधी पर्समधून रुमाल काढला, आणि रुमालाबरोबर ती कैरी अंगणात घरंगळली.

सोमारीनं ती उचलली, उलटसुलट पाहिली आणि आनंदानं ओरडलीच. "मरका! आंबा! हे आमच्या झाडाचं! पोचलं म्हनायचं निकेशभाऊले!"

संघप्रियाचा पेला ओठाशीच राहिला.

५

माणसासारखीच गावठी आंब्याची झाडं. एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नसतं. घरामागच्या झाडाला तसल्याच चोचीच्या कैऱ्या लोंबत होत्या, सोमारीनं हाताला धरून नेऊन दाखवल्या.

"कवा पाठवल्या, सोमारीबाई?"

"काल. सकाळच्या बसनं. स्वातीच्या त्या मशीनसंग." मशीन म्हणजे पेनड्राइव्ह. पळसाच्या पानात कैऱ्या, कैऱ्यांच्या मधे पेनड्राइव्ह, वरून दोर. दर वेळी सोमारी काहीतरी बांधून देतेच. पोरीचं काम करणाऱ्या माणसाला रिकामं पुडकं कसं पाठवायचं?

"अन् त्याच्या आधी? मागच्या आठवड्यात पाठवल्या होत्या का?"

सोमारीनं कानाला हात लावले. "नाई, नाई! पंडुमच्या आधी? तोडत बी नाई आमी."

मग स्वातीला सांगावंच लागलं. नव्या आंब्याचा पंडुम, म्हणजे देवाला पहिला आंबा वाहायचा सण, झाल्याशिवाय त्यांच्या गावात कुणी कैरीला हात लावत नाही. दिवस ठरवतो गावचा पेरमा, म्हणजे पुजारी, दोन दिवस आधी. यंदा तो बुधवारी आला. पंडुमच्या दिवशी काम बंद, आणि गावची शीव ओलांडायची नाही.

"टेकडी शिवेच्या बाहेर आहे," संघप्रिया हळूच म्हणाली.

"हो जी."

"म्हंजे बुधवारी तू मशीनवर नोयतीच. अख्खं गाव साक्षीले आहे! मंग खोटं कायले बोलली, पोरी?"

"ठिपका हिरवा होता नं!" स्वाती रडत म्हणाली. "मी नोयतो म्हनलं, तं मंग इचारतीन हिरवा कोनं केला. दोन साल झाले, जो मानूस माह्यासाठी उन्हात बसस्टँडवर जाते, त्याचं नाव मी कसं घेऊ? माह्या तोंडून नाई निघनार, बाई. नोकरी गेली तरी बेहत्तर."

संघप्रिया अंगणात गरागरा फिरू लागली. तिला भयंकर वाईट वाटत होतं. ही पोर ज्याला वाचवायला स्वतःचं आयुष्य पणाला लावत होती, त्यानंच तर तिला खड्ड्यात ढकललं नव्हतं?

"तू नाव घेऊ नको," ती शेवटी म्हणाली. "तू फक्त उद्या माह्यासंग चाल, अन् बुधवारी पंडुमात होती एवढं खरं सांग. बाकीचं त्या कैरीनं सांगतलं आहे."

६

शनिवारी दुपारी ऑफिसात पहिल्यांदाच सगळ्या खुर्च्या भरल्या. पडद्यावर उर्वशी मॅडम. निकेश सगळ्यांना पाणी देत फिरत होता. एवढी माणसं पाहून बिचारा खूश झालेला दिसत होता, आणि ते पाहून संघप्रियाचा जीव आणखीच तुटला.

"स्वाती, बुधवारी कुठे होतीस?" मॅडमनी विचारलं.

"पंडुमात, मॅडम. कामावर नोयतो. आधी खोटं बोललो."

"मग ठिपका?"

संघप्रिया उठली.

"ठिपक्याचं मी सांगते. तिच्या गावात नेटवर्कच नाही. टेकडीवर दिवसभर बसलं तर बॅटरी मरते. म्हणजे तिचा ठिपका बुधवारीच काय, कधीच तिच्या गावातून पेटला नाही. तो पेटायचा इथून, याच खोलीतून. ज्याच्याकडे तिचा पासवर्ड होता, ज्यानं तिचे आवाज चढवायचे, त्याच्याकडून. आधी ती मदतच होती, मॅडम. रोशन पाळण्याला माउस बांधतो, मी भाजी चिरताना हलवते, तसंच. काम खरं होतं, ठिपका खोटा होता. आम्ही सगळ्यांनी मिळून तुम्हाला फसवलं, आणि तुम्हीही काम सोडून ठिपकाच बघत बसलात."

उर्वशी मॅडमनी लिहायला वही पुढे ओढली.

"आता ज्यानं आवाज पुसले, त्याचा हिशेब असा, की स्वातीचा ठिपका हिरवा असला की आळ तिच्यावर जाईल. कुठलाही साधा दिवस असता तर गेलाही असता. पण बुधवारी पंडुम आहे हे त्याला कळलं नाही. पेरम्यानं दिवस ठरवला तेव्हा स्वातीला टेकडीवर जायला जमलं नाही, आणि इथल्या कॅलेंडरात तो सण छापत नाहीत. चंद्रपूरच्या माणसाला बुधवार म्हणजे नुसता बुधवार."

तिनं पर्समधून कैरी काढून निकेशच्या टेबलावर ठेवली.

"निकेश, तू म्हणालास आठवडाभर तिचं काही आलं नाही. ही सोमारीबाईच्या घरामागच्या झाडाची आहे. पंडुमाआधी ते लोक कैरी तोडत नाहीत. गुरुवारी सकाळच्या बसनं निघाली, दुपारी तू भर उन्हात बसस्टँडवर गेलास, आणि संध्याकाळी तू ती मला दिलीस. कैऱ्या पोचल्या, तर त्यांच्या मधला पेनड्राइव्ह कुठे आहे?"

स्वाती निकेशकडे पाहत होती, जणू अजूनही तो नाही म्हणेल.

निकेशनं खिशात हात घातला. दोन पेनड्राइव्ह टेबलावर ठेवले. "हा परवाचा. अन् ह्याच्यात जुने सारे आवाज आहेत. पुसायच्या आधी काढून ठेवले होते. आज्याईचे आवाज कायमचे पुसाची हिंमत नाई झाली."

"काऊन केलं रे, निकेशभाऊ?" स्वातीनं विचारलं. एवढंच.

"तुह्यावर राग नोयता," तो मान खाली घालून म्हणाला. "तीन खेपा अर्ज केला, मले बी जिवतीले माह्या मायजवळ राहून काम करू द्या म्हनून. नाई म्हनले. सारे घरी. मी एकटा इथी. तुमचे ठिपके पेटवतो, तुमचे पुडके आनतो, अन् सांजच्याले कुलूप लावतो. वाटलं, तू इनामाची पोरगी, तूच पडली तं सारंच बंद होईन. मंग सारे येतीन. खुर्च्या भरतीन. परत देनार होतो आवाज, सोमवारच्या आधी. शपथ."

रोशननं तोंड फिरवलं. बरं, बोलणार तरी काय? शिक्षा तर व्हायलाच हवी होती, एका निरपराध पोरीच्या गळ्याला त्यानं फास लावला होता. पण त्या खोलीत एकही माणूस असा नव्हता, ज्यानं दोन वर्षांत निकेशला कधी विचारलं होतं, की बाबा, तू जेवला का?

निकेशनं ती कैरी उचलली, हातात फिरवली. "एकट्यानंच खाल्ली असती तं सापडलो नसतो, बाई."

७

आवाज सोमवारी वेळेवर नागपूरला गेले. स्वातीची नोकरी राहिली, घरून काम राहिलं. ठिपका मात्र उर्वशी मॅडमनी काढून टाकायला लावला, आणि दर सोमवारी, लांबची स्वाती सोडून, सगळ्यांनी एकत्र ऑफिसात यायचं ठरलं. शेवट गोड झाला असं म्हणता आलं असतं, पण निकेशचा राजीनामा घेतला गेला होता.

पुढच्या गुरुवारी बसस्टँडवर कोण जाणार, यावर बरीच टोलवाटोलवी झाली. शेवटी भर उन्हात संघप्रियाच गेली. कंडक्टरनं पुडकं दिलं. आत पेनड्राइव्ह होता, आणि पळसाच्या पानात वेगळ्या बांधलेल्या कैऱ्या.

तिनं स्वातीला फोन लावला. नशिबानं पोरगी टेकडीवर होती.

"कैऱ्या कोनासाठी गं?"

पलीकडे वारा. "मायले मी सारं सांगतलं जी. तरी तिनं बांधल्याच. म्हनते, पुडकं त्याचंच आहे."

संघप्रियानं पेनड्राइव्ह ऑफिसात दिला आणि तडक तुकूमचा ऑटो पकडला. निकेशच्या खोलीचं दार उघडंच होतं. बॅग भरून तयार, संध्याकाळच्या जिवतीच्या गाडीसाठी. तिला पाहून तो उभाच राहिला.

"बस," ती म्हणाली, आणि जन्मात कधी नव्हे ती स्वतःही एका जागी बसली. पुडकं सोडलं. "मीठ आहे का? का तेही बांधून टाकलं?"

"बाई, तुमचे दात आंबतेत नं."

"आंबू दे. काप तू."